कर्करोगाचे लाड करणारे मामा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणतात. वय सत्तावन्न, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधण्यात रोजची दहा मिनिटं खर्च. कर्करोगाच्या पेशी छोट्या बशांमध्ये वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पोषक द्रव बदलायचं, उबदार कपाटात ठेवायच्या, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. दुसऱ्यांच्या हातात रुसणाऱ्या पेशी मामांच्या हातात बाळसं धरतात. कर्करोगाचे इतके लाड दुसऱ्या कुणी केले असतील असं वाटत नाही.

घरीही हाच हात चालतो. खिडकीतली रोपं पाणी पिऊन पिऊन कुजतात, मांजराला उडी मारवत नाही, आणि मधुमेहाच्या पेशंट असलेल्या मामींच्या चहात गुपचूप चिमूटभर साखर पडते.

अशा माणसावर बाईंनी उपासमारीचं काम सोपवलं. बाई म्हणजे पाच वर्षं एकाच औषधामागे लागलेल्या तरुण संशोधक.

"पेशीत वीजघरं असतात ना मामा, तंतुकणिका," त्यांनी समजावलं. "उपासमार झाली, ताण आला, की तिथली काही प्रथिनं धावून येतात. वेडीवाकडी झालेली बाकीची प्रथिनं सरळ करतात, वीजघर चालू ठेवतात. तणाव-प्रथिनं म्हणतात त्यांना."

"भली दिसतात."

"भलीच. पण कोणाला मदत करतोय ते बघत नाहीत. कर्करोगाची पेशी अडचणीत आली तरी तिलाही तितक्याच मायेने सांभाळतात. आपलं औषध त्यांचे हात बांधतं. आधार गेला की ताणाखालची पेशी मरायला हवी. म्हणून बशांमधल्या पेशींना दोन दिवस नुसत्या खारट पाण्यावर ठेवायचं, मग औषध."

"दोन दिवस?"

"पूर्ण दोन दिवस. आणि या पेशी एकाच रुग्णाच्या आहेत, पुन्हा मिळणार नाहीत. सगळ्या वापरा."

दुसऱ्या दिवशी मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एरवी ऐसपैस पसरणाऱ्या पेशी अंग चोरून बसल्या होत्या. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एका बशीत पोषक द्रवाचे चार थेंब सोडले. मग शेजारच्या बशीला वाईट वाटेल म्हणून तिलाही. मग सगळ्यांनाच.

औषध घातल्यावर तीन दिवसांनी पाहिलं, तर पेशी टुणटुणीत.

"औषधात दम नाही, मामा," बाई म्हणाल्या. "सोमवारच्या बैठकीत सांगून टाकते, काम बंद."

त्या संध्याकाळी मांजर दोनदा ताटलीपाशी जाऊन आलं तरी मामांचं लक्ष नाही. मामींनी चहाचा घोट घेतला. बिनसाखरेचा.

"काय घोळ घातलात?" त्यांनी विचारलं.

मामांनी सगळं सांगितलं.

"मग सोमवारी बैठकीआधी जाऊन हेच सांगा."

"एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर एक बशी खराब नाही गं."

"तुमच्या नावाचं राहू द्या. त्या पोरीची पाच वर्षं तुम्ही चार थेंबांत बुडवलीत. आणि मला चहातलं कळत नाही असं समजू नका, मी रोज तो मोरीत ओतते."

सोमवारी मामा बाईंच्या टेबलापाशी शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"प्रत्येक बशीत घातलं?" बाईंनी विचारलं.

"पक्षपात कसा करणार?"

बाईंनी डोक्याला हात लावला. मामांनी घसा साफ केला. "गोठवणीच्या टाकीत दोन कुप्या आहेत. त्याच पेशी. सुरुवातीलाच बाजूला काढल्या होत्या, असाव्यात अडीनडीला म्हणून."

"मी सगळ्या वापरा म्हणाले होते."

"हो."

"म्हणजे तिथेही माझं ऐकलं नाहीत."

"तिथेही नाही."

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. बैठकीत त्यांनी महिनाभराची मुदत मागून घेतली. गोठलेल्या पेशी जगवणं मामांशिवाय कुणाला जमणारं नव्हतं आणि उपाशीही त्यांनीच ठेवायचं, असं बाईंनी बजावलं. त्या दोन दिवसांत मामांनी हात गुंतवायला वॉचमनला सात वेळा चहा पाजला. शेवटी वॉचमन त्यांना पाहून गेटमागे लपू लागला.

औषधानंतर तिसऱ्या दिवशी दोघांनी पाहिलं. उपाशी बशीतल्या बहुतेक पेशी सुटून, मरून तरंगत होत्या. नुसत्याच उपाशी, औषध न दिलेल्या बशीतल्या अंग चोरून, पण जिवंत होत्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, पोटभर जेवलेल्या बशीत औषध घालूनही त्या मजेत होत्या.

"बशीतलं यश आहे," बाई म्हणाल्या. "माणसापर्यंत अजून फार लांब. पण काम चालू राहील."

मामा पुन्हा एकदा उपाशी बशीत डोकावले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "चांगलं झालं. पण बाई, त्या पोटभर जेवलेल्या बशीतल्यांचं द्रव आज बदलायचं आहे. बदलू का?"

एकोणतीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बदला," बाई म्हणाल्या, "पण मोजून."