कंपनीच्या फोनवरचा आवाज

टॉवेल आणि चादरी बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ऑर्डरचे फोन घ्यायचं काम माझ्याकडे होतं. कारखाना एमआयडीसीत आणि ऑफिस त्याच्याच वरच्या मजल्यावर. खाली माग चालू असले की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी बारीक थरथरायचं. त्या खडखडाटाच्या वर आवाज काढून बोलायची मला सवय झाली होती. माहेर कर्नाटकच्या सीमेजवळच्या वळसंगचं, त्यामुळे कन्नड घरातलीच. मराठी शाळेतली. हिंदी मात्र फोनवरच शिकले.

गुलबर्गा, विजापूर, लातूर, हैदराबाद असे कुठकुठले व्यापारी फोन करायचे. बहुतेकांना मी कधी पाहिलंच नव्हतं. पण कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाच्या आईला नीट दिसत नाही, हे मला ठाऊक असायचं. आधी चौकशी, मग माल. फोन ठेवताना ते सगळे म्हणायचे, "बघा तेवढं." आणि मी बघायची.

मालकांची सून पुण्याहून लग्न होऊन आली आणि वर्षभरात ऑफिसला यायला लागली. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान होती. तिनं कंपनीची वेबसाइट सुरू केली. पहिली ऑर्डर गुवाहाटीच्या कुणा बाईची आली, दोन टॉवेलची. खाली गठ्ठे बांधणारी माणसं हसली. "दोन टॉवेलला खोकं करत्यात व्हय?" असं एक जण म्हणाला. पुढे तोच माणूस दिवसभर खोकी चिकटवायला लागला. गठ्ठ्यांच्या जागी पुठ्ठ्यांची थप्पी आली, दाराशी कुरिअरच्या गाड्या लागायला लागल्या. धंदा वाढला, हे खरंच आहे. शेजारचे दोन कारखाने त्याच काळात बंद पडले, आमचा चालू राहिला.

नंतर व्यापाऱ्यांसाठीही मोबाइलवर ऑर्डर टाकायची सोय झाली आणि ऑफिसच्या फोनवर आपोआप बोलणारी यंत्रणा बसवायचं ठरलं. मॅडमनी मला बोलावलं.

"तुमचाच आवाज घेऊया ना. व्यापाऱ्यांना ओळखीचा आहे. बाहेरून कुणाचा कशाला?"

मी हो म्हटलं. मला ते आवडलंच होतं, खोटं कशाला बोलू.

सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, नमुन्यांच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. चारी भिंतींना छतापर्यंत टॉवेल लावलेले, त्यामुळे तिथे आवाज घुमत नाही, असं मॅडम म्हणाल्या. खरंच, त्या खोलीत बोललं की शब्द तोंडातून निघून तिथेच संपायचे. मी मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये सगळी वाक्यं वाचली. नमस्कार. चादरींसाठी एक दाबा. टॉवेलसाठी दोन दाबा. कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चहा मॅडमनी स्वतः आणून दिला.

तेव्हा माझ्या गळ्याला गाठ आलेली होती. दिसायची नाही, गिळताना लागायची. रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, की गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, ती सोडवताना आवाजावर परिणाम होऊ शकतो. मी आणि नवऱ्यानं माना डोलावल्या होत्या. गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. म्हणजे अगदी गेला नाही, कुजबुज राहिली. तोंडातून वारा यावा आणि त्यात थोडे शब्द असावेत, तसं काहीतरी.

दवाखान्यात असतानाच नवऱ्यानं माझी रजा वाढवायला ऑफिसला फोन लावला. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, रोज गाडीनं जाऊन येतो. त्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली होती. मला ऐकू यावं म्हणून त्यानं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "नमस्कार. मराठीसाठी एक दाबा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"अगं, तूच बोलायलीस की."

मी मान हलवली. तो आवाज मोठा, मोकळा होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही वळून पाहिलं. नवऱ्यानं एक दाबलं, मग दोन दाबलं, मग पुन्हा पहिल्यापासून. माणूस काही मिळेना. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं मी त्याला परत परत सांगत राहिले. शेवटी त्यानं फोन कापला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला रडू आलं असावं. मला काहीच वाटलं नाही. भूल अजून उतरली नसेल, असं मला वाटलं. पण ती भूल नव्हती. घरी आल्यावरही तसंच राहिलं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. मी कुजबुजले की त्याही कुजबुजायच्या. का ते त्यांनाही कळत नसावं. सगळं घर कुणी झोपलेलं असावं तसं बोलायला लागलं. मुलगी कॉलेजातून आली की दारातच चप्पल हळू काढायची. मी तिला म्हटलं, "तू नीट बोल." तीही हळूच म्हणाली, "बोलतेच आहे की."

कामावर परत गेले तर माझं टेबल होतं, फोन नव्हता. मॅडमनी मला ऑनलाइनच्या कामावर घेतलं. गिऱ्हाइकांचे मेसेज वाचायचे, उत्तरं टाइप करायची. फोटोत रंग गडद होता, आला तो फिका. चादर एक बोट लहान आहे. कुरिअरवाला सांगून आला नाही. मी लिहायची, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, बदलून पाठवतो. ते वाक्य तयारच होतं, एक कळ दाबली की उमटायचं. कुणी पाच चांदण्या द्यायचे, कुणी एक. दोन्ही मला सारखंच वाटायचं. काम मी चांगलं करत होते, असं मॅडम म्हणायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, खायचं, झाकण लावायचं. संध्याकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा गुलबर्ग्याचे एक व्यापारी ऑफिसात आले. वयस्क, पांढरं धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात तूरडाळीची पिशवी. दर आठवड्याला फोन करणारे आणि मला आक्का म्हणणारे ते हेच, हे मी त्यांच्या पहिल्या शब्दालाच ओळखलं. मीही त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. आल्या आल्या ते सुपरवायझरवर तापले.

"त्या आक्काला बलवा. माजं काय चुकलं इचारायचं हाय. इतकी वर्सं बोललो, आता फोन लावला की एक दाबा, दोन दाबा. माज्याशी बोलायचंच न्हाय म्हनती की!"

सुपरवायझरनं माझ्याकडे बोट केलं. "या बघा, ह्याच त्या."

मी उठून नमस्कार केला. "बसा ना," म्हटलं. ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला, आमच्याच कंपनीचा नंबर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. "नमस्कार," माझा आवाज म्हणाला, "मराठीसाठी एक दाबा."

"ही आक्का," ते म्हणाले. "तुमी कोन?"

सगळं ऑफिस थांबलं होतं. सुपरवायझर काही सांगायला पुढे झाला, पण मी त्याला हातानं थांबवलं. त्यांचा फोन आला की मी दर वेळी जे विचारायची, तेच विचारलं. "मनी कडे एल्ला आराम?" घरी सगळे बरे ना? एवढंच. कन्नडमध्येही आवाज तसाच फाटका होता.

त्यांनी फोन खाली घेतला. तो चालूच होता, त्यातून मी हिंदीसाठी दोन दाबायला सांगत होते. त्यांनी तो बंद केला आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"काय झालं आक्का?" त्यांनी विचारलं. तेही कुजबुजून.

मी गळ्यावरची खूण दाखवली. ते डोळ्यांना उपरण्याचं टोक लावत बसले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. आपल्यालाही या वेळी काहीतरी वाटायला हवं, असं मनात आलं. त्यांचं उपरणं स्वच्छ होतं, काठ निळा होता, तेवढंच मला दिसत होतं.

मग मी त्यांच्या मोबाइलवर ऑर्डर कशी टाकायची ते दाखवलं. चादरीचं चित्र, त्याच्याखाली नग, त्याच्याखाली बटण.

"हितं दाबलं की तुमाला कळतं?" त्यांनी विचारलं.

"कंपनीला कळतं."

"तुमाला न्हाय?"

"मला पण दिसतं," मी म्हटलं. ते थोडं खोटं होतं. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी माझ्याकडे येत नव्हत्या. पण त्यांनी बोट टेकवलं आणि पहिली ऑर्डर गेली. डाळीची पिशवी टेबलावर ठेवून, दारापर्यंत मागे बघत ते गेले.

पावसाळ्याच्या शेवटी मॅडमनी मला पुन्हा नमुन्यांच्या खोलीत बोलावलं. कंपनीनं पडदे आणि उशांचे अभ्रे सुरू केले होते, फोनवर नवीन वाक्यं हवी होती. त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"जुन्या रेकॉर्डिंगवरून आता मशीन तुमच्याच आवाजात काहीही बोलतं. तुम्ही फक्त टाइप करायचं. पण तुम्हाला चालणार असेल तरच. आधी बघा तर."

मी कानाला हेडफोन लावला. काय लिहावं सुचेना. मग लिहिलं, "आज भाजी कसली करू?"

माझ्या आवाजानं ते विचारलं. शब्द बरोबर, उच्चार बरोबर. फक्त चादरींसाठी एक दाबा म्हणतात त्या चालीत. मी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं नाही, हेडफोन काढून ठेवला.

"कसं वाटलं?" मॅडमनी विचारलं. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता.

"चांगलं झालंय," मी म्हटलं. "पण नको. दुसऱ्या कुणाचा तरी घ्या."

"राग आला का तुम्हाला?"

"नाही हो." आणि आला नव्हताच. का नको, ते मला सांगता आलं नसतं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. म्हणाल्या, "मग जुनंही काढून टाकू सगळं. सगळं एकाच आवाजात असलेलं बरं." मी मान डोलावली.

हिशेब विभागातल्या एका मुलीचा आवाज घ्यायचं ठरलं. अक्कलकोटची, कन्नड चांगलं बोलणारी. ती भराभरा वाचायची, घाबरायची, मध्येच हसायची. मॅडमनी मला तिच्यासमोर बसवलं. मी हात खाली दाबला की तिनं हळू व्हायचं, बोट वर केलं की थांबायचं. दुपारपर्यंत तिला जमलं. "महत्त्वाचा आहे" म्हणताना ती जरा जास्त गोड बोलत होती. तिथं मी काही केलं नाही, राहू दिलं.

संध्याकाळी नवरा गाडीतून उतरून थेट घरी आला. त्याला सकाळीच सांगितलं होतं. हातपाय धुऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"काढला तुझा आवाज?"

"काढला."

"एकदा तरी घेऊन ठेवायचा की मोबाइलमध्ये. पोरगी म्हणत होती."

मी कणीक मळत होते. मळता मळता वाट पाहिली, आत काही हलतंय का याची. तो अजून दारातच होता. मग त्यानं ताटं काढून मांडली, आणि मी तवा ठेवला.