वसरामच्या तोंडचं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आम्ही, माझ्या पोटदुखीपासून माझ्या पगारापर्यंत सगळं तिला ठाऊक — हे मात्र नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्या सुमाराची गोष्ट. मारेगावकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. आणि मास्तर म्हटला की त्याला नाटक लिहिता येतं, असा गावाचा समज. माझाही होता. जत्रेसाठी मी ‘पाणपोई’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात झामा नावाचा एक खुनी. रस्त्याच्या कडेला रांजण मांडून बसतो, वाटसरूला थंड पाणी देतो, चार गोष्टी बोलतो, आणि ज्याची घरी वाट पाहणारं कुणी नाही त्याला मारून मागच्या खड्ड्यात पुरतो. असल्या माणसाची चौकशी करायला कोण येणार? तीन अंकांत सात खून. हसू नका — मला तेव्हा ते फार थोर वाटत होतं.

नाटकाची भाषा अगदी पुस्तकी. ‘अरे नराधमा’, ‘हे पापात्म्या’ — आमच्या नाटकातला गुराखीसुद्धा शुद्ध बोलायचा. फक्त एक वाक्य वेगळं उतरलं. झामा पाण्याचा गडवा पुढे करतो आणि म्हणतो, “घरी कोनी वाट पाहून राह्यलं का? नाही? मंग घाई कायची. घे, पानी पे.” बस, एवढंच. ते मला कसं सुचलं, सांगता येणार नाही. पण ते माझं होतं. माझ्या वहीत, माझ्या हातानं, जांभळ्या शाईत लिहिलेलं होतं. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहिल्या वर्षी झामा केला देवरावांनी. गावातले मोठे कास्तकार, आवाज असा की दोन वावरं सोडून चरणारा बैल मान वर करील. काजळीच्या मिशा, डोळ्यांभोवती कुंकू, खांद्यावर कुऱ्हाड. कुऱ्हाड घेऊन बसलेल्याच्या हातचं पाणी कोण पिईल, हे त्यांना विचारायची माझी काय प्राज्ञा? ते वाक्य त्यांनी खदाखदा हसत एका दमात म्हणून टाकलं. त्या हसण्यात शब्द कुणाला कळलेच नाहीत. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पोरं घाबरायची सोडून हसली, आणि नाटक पार पडलं.

पुढच्या वर्षी देवराव सरपंच झाले. सरपंचानं खुनी होणं बरं दिसेना. तेव्हा वसराम पुढे आला. वसराम गावाबाहेरच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूख पालथा घातला, बापानं तेच बैल नांगराला जुंपले, आणि वसराम स्वतःच्या वावरात कापूस नि तूर पेरत होता. नाटकात तो पडदा ओढायचा. अक्षरओळख नव्हती त्याला. मी वहीतून वाचायचो, तो ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी बैलांमागे चालता चालता घोकायचा. महिन्याभरात आख्खं नाटक त्याला तोंडपाठ — स्वतःचंच नाही, सगळ्यांचं.

त्यानं झामा कसा केला सांगू? ना मिशा, ना कुऱ्हाड. धुतलेलं धोतर, तेल लावून बसवलेले केस. उकिडवा बसून आधी गडवा घासला, विसळला, मग भरला. वाटसरूच्या पायांकडे पाहिलं — किती चालून आला बिचारा, असं. आणि मग विचारलं, “घरी कोनी वाट पाहून राह्यलं का?” आणि थांबला. खरोखर उत्तर ऐकायला थांबला. वाटसरू ‘नाही’ म्हणाला तसा त्याचा चेहरा असा मऊ झाला, आणि ‘पानी पे’ हे त्यानं आजारी लेकराला म्हणावं तसं म्हटलं. समोर बसलेली एक बाई उठून चालती झाली. मी आडोशाला वही धरून उभा होतो. मी लिहिलेला माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

मग मी खूश व्हायला नको होतं का? एखादा दिवस होतोही. पण दुसऱ्या दिवसापासून जो तो म्हणू लागला — वसराम काय बोलला! विहिरीवर, बाजारात, एस.टी.ची वाट पाहताना, चहाचा कप पुढे सरकवताना लोक एकमेकांना विचारत, “घरी कोनी वाट पाहून राह्यलं का?” शेजारच्या गावच्या मंडळींनी तर वही न मागता, नुसतं पाहून, आपला झामा उभा केला. त्यांचा झामा म्हणे दर खुनानंतर रडायचा. वाक्य मात्र तेच, आणि नाव वसरामचं.

आमच्याकडे नटानं भाषणात पदरचं घालायची रीत आहे. लिहिणारा लिहितो, नट त्यात आपल्या मनाचे चार शब्द टाकतो, आणि एखादं वाक्य लोकांना भावलं की ते नटाच्या पदरचंच, असं धरून चालतात. आमच्या पोस्टमास्तरांना मी एकदा न राहवून म्हटलं, ते वाक्य माझं आहे हो. ते हसले. “गुरुजी, तुमचं ते नराधमा-बिराधमा. हे वसरामच्या पदरचं हाय,” म्हणाले. वसराम बिचारा ज्याला त्याला सांगायचा, गुरुजींनी लिवलं, मी निस्तं बोललो. त्यावर लोक म्हणत, बघा किती लीन माणूस! म्हणजे त्यानं माझं मला परत केलं तरी वाहवा त्याचीच. मी हसायचो वरवर. आतून जळत होतो. ज्याला मी शब्द शब्द भरवून बोलायला शिकवलं त्याच्यावर जळत होतो.

मग वैशाख आला. कंगवे-आरसे विकत गावोगाव फिरणारा एक म्हातारा गावाजवळच्या कोरड्या नाल्यात मेलेला सापडला. डोक्याला खोक, आणि जवळ त्याची पेटी नाही. आदल्या दुपारी तो वसरामच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला होता. वावरात दोन बाया कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होत्या. वसरामनं त्याला गडवा भरून दिला आणि गमतीनं ते वाक्य म्हटलं, म्हातारा हसला, बायाही हसल्या. फौजदारानं विचारलं तेव्हा त्यांनी हे सरळ मनानं सांगून टाकलं. तेवढ्यावर वसरामला धरलं.

फौजदार माझ्या शाळेत आला. पोरांना सुट्टी दिली. तो माझ्या खुर्चीवर बसला, मी समोर उभा. खिडकीतून बाहेर निंबाखाली वसराम उकिडवा बसलेला दिसत होता, शेजारी शिपाई. मला पाहून त्यानं हात जोडले आणि — हे मला विसरता येत नाही — तो हसला. सुटलो बुवा, असं.

“मास्तर, ते पाणी पाजायचं वाक्य तुमच्या नाटकात लिहिलेलं आहे?” फौजदारानं विचारलं. मग तोच म्हणाला, “लिहिलेलं असेल तर पोपटपंची. वही दाखवा, त्याला इथूनच सोडतो. पण त्याच्या मनातून आलं असेल, तर त्या मनात आणखी काय आहे ते आम्हाला बघावं लागेल. हे तांड्यावरचे लोक, तुम्ही जाणताच.”

वही कुठे होती माहीत आहे? त्याचा कोपर ज्या टेबलावर होता त्याच्याच खणात. किल्ली माझ्या खिशात.

“नाही,” मी म्हटलं. “ते त्यानं पदरचं घातलं. वहीला वाळवी लागली, ती टाकून दिली.”

झालं. सांगून झालं. आता वाटतं, एवढंसं तर होतं — मग इतकी वर्षं घशात का अडकून बसलं?

भीती वाटली असं मी स्वतःला सांगत आलो. मास्तर असलं खुनाचं लिहितो म्हणून नोकरी जाईल, आपल्यालाच गोवतील, असं. पण फौजदारानं मला धमकावलं नव्हतं. उलट वही दाखवा, सोडतो म्हणाला होता. कसली भीती? खरं हे आहे की सगळ्या गावानं मला ऐकवलं होतं, हे तुझं नाही, त्याचं आहे. तर घ्या, त्याचं. ‘नाही’ म्हणताना माझ्या काळजाला थंडावा मिळाला. माणूस बेड्या घालून बाहेर बसलेला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार तर संध्याकाळपर्यंत टिकलं असेल, पण वाटलं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही पान पान फाडून चुलीत घातली. बायकोनं त्याच आगीवर भाकरी केली आणि मी ती खाल्ली.

त्याला तालुक्याला नेलं. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, दोनदा माझ्या दारी आला. म्हातारा माणूस, पागोटं काढून उभा राहिला. “गुरुजी, एक शबद बोला. तुमचं आयकतीन,” म्हणाला. पोलिसांच्या कामात मी काय बोलणार, असं मी म्हटलं. दोन्ही वेळा तेच म्हटलं. दुसऱ्यांदा तर त्याला बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा कागद आला. म्हाताऱ्याला ऊन लागलं होतं, चक्कर येऊन तो नाल्यात पडला होता. पेटी त्यानंच मारेगावला एका ओळखीच्या दुकानात ठेवली होती, ऊन फार म्हणून. वसरामला सोडलं. तोवर ठाण्यातल्या मारानं तळपायांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे तो कायमचा एका पायावर जोर देऊन चालायचा. नाटकात तो पुन्हा आला नाही, आणि गावानंही बोलावलं नाही. ज्याला खरंच धरून नेलं होतं त्याला खुनी कोण करणार? लोकांची वाहवा तशी पातळच असते. तांड्यावरून पोरं शाळेत यायची, त्यात त्याची एक मुलगी होती. तिला बाकीची पोरं झामाचंच वाक्य विचारायची, ते मी ऐकत होतो.

आषाढात एका सकाळी तो शाळेत आला. पेरणी चालू होती, पायाला चिखल. पोरं पाढे म्हणत होती. तो दाराबाहेरच उभा राहिला. मला वाटलं, आता विचारील. विचारावं, असंही वाटलं — शपथेवर सांगतो, वाटलं. त्यानं विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो का? ठाऊक नाही.

“गुरुजी, मायं चुकलं,” तो म्हणाला.

मला कळेना.

“ठान्यात मले मारे तवा मी म्हनत होतो, गुरुजींनी लिवलं, गुरुजींनी लिवलं. रोज म्हनलो. मंग सायेब बोलले का गुरुजी तर नाही म्हनतेत. मी लय इचार केला. तुमी खोटं कायले बोलान? मले लिवता-वाचता येत नाही, माह्या मनातूनच निंगालं असन ते, न् मी उगाच तुमच्यावर ढकललं. तुमचं नाव ठान्यात घेतलं मी. माफ करा.”

वाकायला त्याला त्रास होत होता, तरी तो वाकला आणि त्यानं माझे पाय धरले. पोरं पाढे थांबवून बघत होती. वही जळून दीड महिना झाला होता, पण मला तोंड तर होतं. मी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं.

“असू दे,” मी म्हटलं. “पुढे असं कोणाचं नाव घेत जाऊ नको.”

“हो जी,” तो म्हणाला.