चार व्हीलकॅप

वाकोल्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. रुंद टायर टाकल्यापासून माझ्या पिकअपची चाकं आतून घासत होती, म्हणून त्याच्याकडून स्पेसर, म्हणजे चाक जरा बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, बसवून घेतल्या. पान्याचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत तो प्रत्येक नट आवळायचा आणि मग चाकावर तळवा ठेवून क्षणभर थांबायचा. निघताना मात्र त्याने माझ्या चारही व्हीलकॅप ठेवून घेतल्या.

“शंभर किलोमीटर चालव आणि परत ये. नट पुन्हा आवळावे लागतात. नुसतं सांगितलं तर कोणी येत नाय.”

मी चिडलो. चौथ्या दिवशी गेलो तो व्हीलकॅपसाठीच, कारण दुसऱ्या दिवशी आईबाबांना घेऊन चिपळूणला जायचं होतं. त्याने चाकं उतरवली. डावीकडच्या स्पेसरचे दोन नट पान्याखाली अर्धा फेरा फिरले.

भिंतीवर माझ्या व्हीलकॅपशेजारी आणखी चार टांगलेल्या होत्या, पुसून लख्ख.

“या कोणाच्या?”

“मे महिन्यापासून वाट बघतोय त्याची.”

मग त्याने माझ्या चारही व्हीलकॅप खिळ्यांवरून काढून माझ्या हातात दिल्या. सुटकेचा श्वास माझ्याआधी त्यानेच सोडला.