ढिवरटोलीची पॅकिंग शेड

मासे निवडताना हात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळं! म्हणून असेल, आमच्या शेडमध्ये मासळीपेक्षा गोष्टीच जास्त जमतात. मासळी बर्फात भरून दुपारच्या गाडीने नागपूरला जाते. गोष्टी इथेच राहतात.

साकोली तालुक्यातल्या एका तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची ढिवरटोली. तिथल्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी. मूळचा लाखनीचा. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधूनच शेडमध्ये शिरलो. पेट्या भरणाऱ्या बायांची मुख्य म्हणजे पारूमामी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, रुमाल काढा. आज नाकाले बांधला, उद्या डोळ्याले बांधसान. मंग आमच्याकडे पाहन कोन?"

रुमाल काढला, तो काढलाच!

* * *

एकदा टोलीचा इतिहास लिहून न्यायला शहरातून एक साहेब आले. आम्ही त्यांना सगळ्यांत म्हाताऱ्या गोविंदाबाबाजीपुढे बसवलं.

"बाबा, टोली कधी वसली?"

"मोठा पूर आला ना, त्या वर्षी."

"पूर कोणत्या साली आला?"

"माझी माय मले पोटात घेऊन इथं आली, त्या साली."

"बरं, मग तुमचं वय किती?"

बाबाजी वैतागले. "आता कसं सांगू बावा! टोलीएवढंच हाये ना!"

साहेबांनी वही मिटली आणि चहा मागवला.

* * *

शंकर आणि भाऊराव साळे-मेहुणे. मासे धरायचा डोंगा एकच, पण कशावरून तरी बोलणं बंद झालेलं. किती तरी वर्षं दोघं डोंग्यालाच सांगायचे. "डोंग्या, त्याले डावीकडे घे म्हना." "डोंग्या, जाळं ओढ म्हना."

मग शंकर आजारी पडला. भाऊराव एकटाच तलावात गेला आणि तासाभरात रिकाम्या हाताने परत आला. तडक शंकरच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"लवकर बरा हो बे. डोंगा बोलूनच नाही राहिला!"

* * *

टोलीतलं मे महिन्यातलं लग्न. ऊन असं, की हळदीच्या अंगाने बसलेल्या नवरीला भोवळ आली. पारूमामीने तिला उचलून सरळ आमच्या बर्फाच्या खोलीत नेऊन बसवलं. तेवढ्यात आसगावची वरात दारात! नवरदेवाचा मामा विचारतो, "नवरी कुठी हाये?"

मामी आतून ओरडली, "थांबा जरा! पॅकिंग होऊन राहिली!"

* * *

हे सगळं हसण्यावारी. पण एक गोष्ट आम्ही कुणी हसून सांगत नाही.

पारूमामीचा नवरा याच तलावात बुडाला. तेव्हा तिची सुनीता पाळण्यात होती. मामीने पोटासाठी मासळी हाताळली, निवडली, पेट्याच्या पेट्या भरल्या, पण त्या दिवसापासून तोंडात घातली नाही. "ज्या पान्यानं त्याले नेलं, त्या पान्यातलं मी खात नाही," एवढंच म्हणायची. शेडवर जेवायला बसलो की ती आपला वरण-भात घेऊन बाजूला सरकायची.

गेल्या वर्षी सुनीता बाळंतपणाला एकोडीहून माहेरी आली. तीन दिवस तिच्या पोटात काही टिकेना. चौथ्या दिवशी म्हणाली, "माय, आपल्या तलावातली मरळ करून दे."

मामी शेडवर आली. ढिगातून एक मरळ उचलली, पदराखाली धरली आणि गेली.

दुपारी मी नर्सबाईंचा निरोप सांगायला तिच्या घरी गेलो. चुलीवर रस्सा उकळत होता. मामीने पळीने थोडा तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

सुनीता दचकून उठून बसली. "माय! तू...?"

"काहून? मीठ नाही पाहा लागत का?"



मामीने पळी पुन्हा रश्शात बुडवली, परत तळहात पुढे केला आणि म्हणाली, "थांब. अजून एकदा पाहू दे."