इम्पाला नव्हे, बेल एअर

श्रीवर्धनच्या गॅरेजात इंजिनाचं काम उरकून बाबांची जुनी अमेरिकन इम्पाला मी मुरूडला घरी नेत होते. बाबा गेल्यापासून ती बंदच होती. दिघीला ती इंच इंच सरकवत फेरीबोटीवर चढवली. एवढी लांबरुंद गाडी, पण बसली एकदाची. लोक फोटो काढायला लागले आणि मी, जणू ती मीच बनवली, अशा ऐटीत उभी राहिले.

पांढऱ्या दाढीचे एक चाचा मात्र गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले होते.

"बेटी, ही इम्पाला न्हाय."

"नाव लिहिलंय की, चाचा!"

"नाव कोण पण लावील. कुवेतला शेठची इम्पाला सात वर्षं चालवली मी, हेच मॉडेल. मागं एका बाजूला तीन दिवे. हिला दोनच हायत. ही बेल एअर, इम्पालाहून जरा साधी."

मला रागच आला. शाळेपासून 'आमची इम्पाला' म्हणून मिरवलं होतं! चाचांनी माझं बोट धरून नावाशेजारच्या पत्र्यावरून फिरवलं. रंगाखाली बारीक उंचवटे लागले. बुजवलेली भोकं! जुन्या नावाच्या अक्षरांची!

राग कुठल्या कुठे गेला. आगरदांडा येईपर्यंत आम्ही गाडीभोवती फिरत होतो. काचा, स्टिअरिंग, बाजूच्या चकचकीत पट्ट्या, चाचा एकेक तपासत होते. "एक नाव सोडलं तर सगळा असली माल," ते म्हणाले. मी त्यांचा नंबर घेतला आणि घर गाठलं.

आई ओटीवर कोळंबी सोलत होती.

"आई, आपली गाडी इम्पाला नाहीच!"

"माहितेय," ती मान वर न करता म्हणाली. "बाबांनी घेतली तेव्हा तुझा मामा हसला, म्हणाला, इम्पाला सोडून ही कसली आणलीत? दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मग मीच चोरबाजारातून इम्पालाची अक्षरं आणली."

"आणि बाबा?"

"लावली की लगेच! आधीची कुठे टाकली, देव जाणे."

चाचांच्या ओळखीने पुढे भंगारातल्या एका बेल एअरची अक्षरं मिळाली. भोकं मोकळी केली आणि अक्षरांच्या मागचे खिळे त्यांत अचूक बसले, तशी मी गॅरेजात चक्क उडी मारली. चाचांनी टाळ्या वाजवल्या.

काढलेली अक्षरं आईने मागून घेतली आणि पदराने पुसली.

"गाडीला खोटी असतील," ती म्हणाली, "पण दिवसभर हिंडून आणलीत मी."