कोण कुठे बसलं होतं?

धुळ्याचे दगडूनाना मिस्त्री मोटारीचं झाकण उघडायच्या आधी माणसं तपासत. कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं विचारत. "दुखनं गाडीले कमी, बसनारासले जास्त," असं त्यांचं म्हणणं.

मी नवी सून होते तेव्हा सासऱ्यांकडे जुनी मोटार होती. तिचा ब्रेक मधूनच दाबला जात नसे, आणि तेही नेमकं मी गाडीत असले की. एकदा आम्ही कापसाच्या गंजीत घुसलो, एकदा अनोळखी लोकांच्या लग्नाच्या मांडवात. तिथे आम्हाला जेवायलाच बसवलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, हा सुनेचा पायगुण. ब्रेक सुधारेपर्यंत हिला बोदवडला माहेरी धाडा.

सासरे तीनदा एकटेच मोटार घेऊन नानांकडे गेले. तिन्ही वेळा ब्रेक ठणठणीत. तेल, नळ्या, चाकं, कशातच खोट नाही. चौथ्यांदा नाना वैतागले. "आबा, रोगी एकलाच उना. घरना कोठे शेतस?"

मग घरची माणसं दाखवायला आम्ही सगळे निघालो. सासरे चालवायला, शेजारी सासूबाई, मागे मी, नणंद आणि दाराशी अंग चोरून नाना. माझ्या मांडीवर माझी ट्रंक, कारण आजही ब्रेक लागला नाही तर मला तशीच स्टेशनवर सोडायचं ठरलं होतं.

उताराला ब्रेक अडला. म्हशींच्या हौदाला टेकून गाडी थांबली. सगळे एकदम बोलू लागले. नानांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "सूनबाई, तू काय ऐकं?"

सासऱ्यांसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. पदराआडून म्हटलं, "घळंग. दर वेळी आधी घळंग वाजतं."

नाना उतरले, पुढे जाऊन वाकले आणि ब्रेकच्या खालून सासूबाईंचा फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा तांब्या बाहेर काढला. बाहेरचं पाणी त्या पीत नसत. पूर्वी त्या मागे बसत, तांब्या मांडीवर घेऊन. सुनेशेजारी कसं बसायचं म्हणून पुढे आल्या आणि तांब्या पायाशी आला. उताराला तो घरंगळे, चढाला परत सीटखाली जाई. घरी आलं की त्या तो स्वयंपाकघरात नेत. नानांना सापडणार कुठून?

"अक्का, पायगुन या तांब्याना शे," नाना म्हणाले. "याले धाडा बोदवडले."

ट्रंक परत घरी आली. सासूबाई मागे माझ्याशेजारी बसू लागल्या.

काही वर्षांनी नाना वारले. त्यांच्या घरी भेटून निघालो तर मोटार सुरू होईना. सासरे खाली उतरले नाहीत. मागे वळून त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, काय ऐकू येतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

सासूबाईंनी मांडीवरचा तांब्या घट्ट धरला. "मग बॅटरी असेल," त्या म्हणाल्या.