'अहो'चं 'अरे' झालं तेव्हा

गंगापूर रोडला डिमेन्शिया झालेल्या वयस्कर माणसांसाठी एक डे-केअर आहे. वडिलांना, म्हणजे नानांना, मी रोज तिथं सोडते. संध्याकाळी आपापल्या माणसाला न्यायला आलेले आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसतो. किस्से सांगायचे नाहीत असं ठरवलं तरी ते साठतातच. बाकीचे हसतात. माझं मात्र डोकं फिरतं, आणि ते या म्हाताऱ्यांवर नाही.

*

निफाडचे बोरस्ते काका. बागेतल्या मजुरालाही 'या, बसा' म्हणणारा माणूस. दिवाळीत जेवताना ते जावयाला म्हणाले, "ए, कोण रे तू? सरक तिकडं."

जावई ताटावरून उठले. मुलीनं परोपरीनं सांगितलं, "अहो, ते मलासुद्धा ओळखत नाहीत."

"ते ठीक आहे. पण चारचौघांत अरे-तुरे?"

त्यानंतर जावई सासरी फिरकलेले नाहीत. काकांना स्वतःचं गाव आठवत नाही, आणि या शहाण्याला स्वतःचा मान तेवढा बरोबर आठवतो!

*

सटाण्याच्या सोनवणे मावशींनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आता त्या हाक मारतात, "दिगंबर, चहा आण रे." सोनवणे काका मुकाट्यानं चहा आणतात.

मावशींची नणंद भेटायला आली, तिनं हे ऐकलं आणि तोंड फिरवलं. "आजारबिजार काय नाय, दादा. मनातलं बाहेर आलंय तिच्या."

काकांनी दुसरा कप बहिणीपुढे ठेवला. "आलं असेल तर येऊ दे. तू चहा घे."

*

जोशी बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलगी त्यांना रक्त तपासायला घेऊन गेली. तिथला पोरगेला असिस्टंट म्हणाला, "ए आजी, हात दे. नाव सांग बरं तुझं."

बाईंना नाव आठवेना. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आपली ओळख झालेली नाही. 'तुम्ही' म्हणायचं."

"मग काय म्हणाला तो?" मी त्यांच्या मुलीला विचारलं.

"म्हणाला, आजी लय डेंजर आहे."

ती हसत होती. मला नाही हसू आलं. सुई टोचायला शिकवतात यांना, पण 'तुम्ही' म्हणायला कोण शिकवणार?

*

आता आमचे नाना. आईला ते कधी नावानंही हाक मारत नसत. 'ए', 'अगं ए', आणि चिडले की त्याहून वाईट. पाहुण्यांसमोरसुद्धा. तेव्हा मात्र कुणाला वाटलं नाही की असं बोलणं हा आजार आहे.

हल्ली ते आईला ओळखत नाहीत. परवा ती पोहे घेऊन आली, तर नाना उठून उभे राहिले.

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा ना."

आई बसली. पदर सावरून, परक्या घरी बसावं तशी.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" नानांनी विचारलं.

"मालक आहेत."

"स्वभावानं कसे आहेत?"

आईनं त्यांच्या पोह्यांवर लिंबू पिळलं.

"आता बरे आहेत," ती म्हणाली.